हिटलर पाहिजे म्हणणाऱ्या अध्यक्षांना अनावृत पत्र

मा. अध्यक्षसाहेब,


सर्वप्रथम अभिनंदन. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत थकबाकीदारांचा विषय निघाला आणि तुम्ही माईक ओढून घेत जाहीर केलंत, "या सोसायटीलाच काय, या देशालाच एक हिटलर पाहिजे!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीही मारली. दुर्दैवाने नेमके त्याच वेळी सेक्रेटरी समोसे मोजत होते, त्यामुळे हा ठराव काही इतिवृत्तात आला नाही. एवढी मोलाची मागणी तोंडीच राहू नये म्हणून हा पत्रप्रपंच. सूचक तुम्ही, अनुमोदक टाळ्या वाजवणारे सगळे. मी फक्त अंमलबजावणीतल्या अडचणी मांडतो.

पहिली अडचण म्हणजे सदर गृहस्थ उपलब्ध नाहीत. ३० एप्रिल १९४५ रोजी बर्लिनमधल्या एका तळघरात स्वतःवर गोळी झाडून ते निघून गेले. जाताना राजकीय मृत्युपत्र लिहून गेले. त्यात बेचिराख झालेल्या देशाबद्दल चकार शब्दाची माफी नाही. युद्ध कुणामुळे झालं, तर ज्यूंमुळे. पुढे काय करायचं, तर ज्यूंना विरोध चालू ठेवायचा. कोट्यवधी माणसं मेल्यावरही 'माझं चुकलं' म्हणायला तयार नसलेला हा पदाधिकारी. तुम्हाला तो जवळचा का वाटतो, हे मी समजू शकतो. मागच्या वर्षीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय मी इथे काढत नाही.

आता शिस्त. "काही म्हणा, शिस्त होती माणसात," असं तुम्ही नेहमी म्हणता. साहेब, हा तुमचा शिस्तीचा पुतळा दुपारपर्यंत लोळणाऱ्यांतला होता. ६ जून १९४४ला पहाटे दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा तो झोपला होता आणि त्याला उठवायची एकाचीही छाती झाली नाही. ज्या रस्त्यांचं तुम्ही कौतुक करता, त्या आउटोबानमधला कोलोन ते बॉन हा रस्ता १९३२ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधीच, वाहतुकीला खुला झाला होता. उद्घाटन केलं कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी. नंतर फीत कुणी कापली आणि फोटो कुणाचे छापून आले, हे नवी मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

आणि गाडी! सामान्य जर्मन माणसाला स्वस्तात गाडी देण्याची त्याची योजना होती. आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, पुस्तिकेत चिकटवायचं, पुस्तिका भरली की गाडी. ३ लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. कारखाना लष्करी वाहनं बनवायला लागला आणि पुस्तिका लोकांच्या कपाटात राहिल्या. म्हणजे बुकिंग घेतलं, हप्ते घेतले, ब्रोशर छापलं आणि पझेशन काही दिलं नाही. उलव्यातल्या फ्लॅटपायी तुम्ही ज्या बिल्डरला आठ वर्षं शिव्या घालता, त्याचा हा मोठा भाऊ. धाकट्यावर केस टाकता आणि थोरल्याला देशाचा कारभार द्यायला निघालात?

शिवाय समजा, आलाच तो. थकबाकीदार राहिले बाजूला, आधी व्हिजिटर पार्किंगमध्ये कायमची लावलेली पांढरी गाडी कुणाची, याची चौकशी होईल. मला नाव घ्यायचं नाही. चावी तुमच्याच खिशात असते.

बरं, आपल्या देशाबद्दल या महापुरुषाचं मत काय होतं, हे तुम्ही त्याच्याच पुस्तकात वाचलंत की नाही? पुस्तक तर तुमच्या शोकेसमध्ये आहे. क्रिकेटची ट्रॉफी आणि तिरुपतीचा फोटो यांच्या मधोमध. नेरूळ स्टेशनबाहेर फुटपाथवर, झटपट श्रीमंत होण्याच्या आणि सकारात्मक विचारांच्या पुस्तकांशेजारी ते रचलेलं असतं. त्याचं प्लास्टिक तुम्ही अजून काढलेलं नाही, म्हणून सांगतो. त्यात लिहिलंय की भारत दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा ब्रिटिशांच्याच ताब्यात राहिलेला त्याला बरा वाटतो. १९३७च्या नोव्हेंबरात लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटायला गेले. हे आपले माजी व्हाइसरॉय. त्यांना त्याने फुकटचा सल्ला दिला: गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना घाला, तरीही नाही भागलं तर दोनशे जणांना. खुद्द सुभाषबाबू मे १९४२ मध्ये त्याला भेटले आणि पुस्तकातल्या भारताविषयीच्या मजकुराचा विषय त्यांनी काढला, तेव्हा स्वारीने तो टोलवला. जर्मनीत हे पुस्तक २०१६ मध्ये पुन्हा निघालं ते इतिहासकारांच्या सुमारे साडेतीन हजार टिपांसकट, वाक्यावाक्याला कान पिळत. आपल्याकडच्या फुटपाथ आवृत्तीत टिपा नाहीत. त्यामुळे ती स्वस्त पडते.

इथवरचं सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी 'सुप्रभात'च्या गुलाबाखाली तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकलात. हिटलर म्हणे म्हणाला होता की मी सगळ्या ज्यूंना मारू शकलो असतो, पण काही मुद्दाम शिल्लक ठेवले. बाकीच्यांना का मारलं, ते जगाला कळावं म्हणून. खाली तुमचे दोन हात जोडलेले आणि एक तिरंगा.

अध्यक्षसाहेब, हे वाक्य त्याने कुठेही म्हटलेलं नाही. भाषणात नाही, पुस्तकात नाही, मृत्युपत्रात नाही. ते कुणीतरी नंतर बसून रचलं आणि तुमच्यासारख्या भल्या माणसांनी पुढे ढकललं. प्रत्यक्षात काय झालं ते ऐका, कारण सभांचे कामकाज हा तुमच्या आवडीचा विषय. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमध्ये वान्झे तलावाकाठच्या एका बंगल्यात बैठक भरली. हजर पंधरा अधिकारी, त्यातले आठ डॉक्टरेट मिळवलेले. विषय: युरोपातल्या ज्यूंची अंतिम विल्हेवाट. दीड तासात आटोपली. समोशांवरून वाद नाही, मागील इतिवृत्तावरून हमरीतुमरी नाही. त्यातल्याच आइकमन या अधिकाऱ्याने तयार केलेल्या इतिवृत्तात देशवार यादी आहे. बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर. जे देश जर्मनीने अजून जिंकलेही नव्हते, त्यांचीही नोंद: इंग्लंड आहे, आयर्लंड आहे, तटस्थ स्वित्झर्लंड आहे. आणि अल्बेनियापुढे आकडा आहे २००.

दोनशे. आपल्या तीन विंगांत मिळून याहून जास्त माणसं राहतात. अल्बेनियाच्या डोंगरातले दोनशे जीव ज्यांनी यादीतून सुटू दिले नाहीत, ते म्हणे नमुन्यादाखल काही शिल्लक ठेवणार होते! जे वाचले ते त्यांच्या कृपेने वाचले नाहीत. कुणी पळालं, कुणाला शेजाऱ्याने कोठीत लपवलं आणि उरलेल्यांना गाठण्याआधी हिटलरचं सैन्य हरलं. ६० लाख वाचले नाहीत.

हे हरवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यात तुमच्या जिल्ह्याचाही हात आहे. तुमचं गाव रोहा. त्याच्या पुढे माणगाव. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत नायक होते. इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर ते एकट्याने धावून गेले. सोबतचे सगळे पडले होते. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पुढच्या वेळी तिकडे गेलात तर पुतळ्यासमोर उभं राहून तुमची ती मागणी एकदा मोठ्याने म्हणून बघा. टाळ्या पडतात का, ते कळवा.

आता बी विंगकडे वळतो. आपल्या खजिनदारबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या. ज्यांच्या सहीशिवाय तुमचा एक चेक वटत नाही आणि ज्यांच्या वह्यांत लेखापरीक्षकाला आजवर खोट काढता आलेली नाही, त्या. त्यांच्या हातची सुरमईची आमटी खाऊन तुम्ही विचारलं होतंत, "तुम्ही सीकेपी का हो?" त्या हसून म्हणाल्या, "आम्ही कोकणातलेच." आडनावाच्या शेवटी 'कर', गळ्यात मंगळसूत्र, पुरणपोळीला हात सैल, तुमची खात्री पटली. नातवाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी घरी नवस फेडला. तुम्हीही होतात. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, साखर, ओल्या खोबऱ्याचा कीस, वेलची, काजू-बेदाणे आणि भोवतीने फळांच्या फोडी. पुरुषांनी डोक्यावर टोप्या घातल्या, कुणीतरी वेगळ्याच भाषेत प्रार्थना म्हटली, मध्येच मराठीत गाणं झालं. तुम्ही 'प्रसाद फारच छान' म्हणत ताट पुन्हा पुढे केलंत.

तो मलिदा होता, साहेब. आणि नवस होता एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी या लोकांची श्रद्धा आहे. आपल्या खजिनदारबाई बेने इस्रायली आहेत. ज्यू. तुम्ही ज्यांना 'का मारलं ते कळावं म्हणून' शिल्लक ठेवलेत, त्यांपैकी एक.

त्यांच्या पूर्वजांचं गलबत फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी कथा कोकणातल्या बेने इस्रायली घरांत पिढ्यान्पिढ्या सांगतात. नवगावला त्यांचं स्मारक आहे. गावोगाव ते तेल गाळत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: नवगावकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. आणि रोहेकर. होय, तुमच्या रोह्याचे. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक हे लोक उपास करून पाळत आणि तो सोडताना वालाचं बिरडं खात. त्याला नावच बिरड्याचा रोजा. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख वालाच्या बिरड्यावर सोडणारी माणसं रायगड जिल्ह्याखेरीज दुसरीकडे कुठे मिळायची?

त्यांना इथे कुणी हाकललं नाही. वेगळ्या वस्तीत डांबलं नाही, छातीवर पिवळा तारा लावला नाही. हे आपलं श्रेय, आणि तुम्ही तेही घ्यायला मागेपुढे बघणार नाही. १९३५ मध्ये जर्मनीने न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. दोन वर्षांनी मुंबईने डॉ. ई. मोझेस या बेने इस्रायली गृहस्थांना महापौर केलं. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना ज्या रस्त्यावर तुमची गाडी अडकते, तो त्यांच्या नावाचा. कामा हॉस्पिटल ज्यांनी सांभाळलं त्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजाच्या. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, चेऊलकर. बाहेरून आलेल्यांचं काय? प्लेगने मुंबई ओस पडत होती तेव्हा ओडेसाहून आलेल्या वाल्डेमार हाफकिननं लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या एका गावात लस दिलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. फ्रान्समध्ये खोट्या आरोपात अडकवलेल्या ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याची आठवण तेव्हाही अनेकांना झाली होती. परळच्या संस्थेला आज हाफकिनचं नाव आहे. आणि तुमच्या आईने ज्या आकाशवाणीच्या धूनवर स्टोव्ह पेटवला असेल, ती बांधल्याचं श्रेय जातं वॉल्टर कौफमन यांना. हिटलरचं वारं ओळखून १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराला.

असं असताना खारघरला काय झालं, आठवतं? नेरूळपासून तिसरं स्टेशन. ऑगस्ट २००६ मध्ये तिथे एक रेस्टॉरंट उघडलं. नाव 'हिटलर्स क्रॉस'. दारात त्याचा मोठा फोटो, सजावटीत नाझी स्वस्तिक. मालकाला ज्यूंचा राग होता म्हणावं, तर तसं मुळीच नाही. लोकांच्या लक्षात राहील असं नाव हवं होतं, इतकंच. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केला, जगभरातून ओरड झाली आणि काही दिवसांत नाव बदललं. त्या रेस्टॉरंटपासून पुढे तिसरं स्टेशन पनवेल. तिथे बेने इस्रायलींचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग आहे, बेथ एल. म्हणजे पनवेलच्या कुणा ज्यू आजीबाईंनी नेरूळच्या लेकीकडे जायला गाडी पकडली असती, तर वाटेत त्यांच्या धर्मबांधवांच्या मारेकऱ्याच्या नावाने पिझ्झा मिळाला असता.

गंमत म्हणजे त्या मालकात आणि तुमच्यात मला फरक दिसत नाही, आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. तुमच्या मनात ज्यूंविषयी काडीचाही द्वेष नाही. असता तर बरं झालं असतं. द्वेष करणाऱ्याला निदान समोरचा माणूस दिसतो. तुम्हाला तो दिसतच नाही. तुम्हाला हिटलर म्हणजे कडक हेडमास्तर वाटतो. शाळेत आपण खडूस सरांना हिटलर म्हणायचो, टीव्हीवर 'हिटलर दीदी' लागायची. त्या नावातून ६० लाख माणसं गाळली की जे उरतं, ते तुम्ही देशाला मागताय. तेल काढून घेतल्यावर उरलेली पेंड. ज्यूंविषयीचा द्वेष शेकडो वर्षं टिकला तो फक्त द्वेष करणाऱ्यांच्या जिवावर नाही. ते नेहमी मूठभरच असतात. टिकला तो 'मला काय त्याचं, पण माणूस कडक होता' म्हणत पुढे पाठवणाऱ्यांच्या जिवावर.

पुढे पाठवण्याचा हा धंदा तुमच्या मोबाइलपेक्षा जुना आहे. १९०३ मध्ये रशियात एक मजकूर छापून आला: ज्यू वडीलधाऱ्यांनी जग ताब्यात घेण्यासाठी केलेल्या गुप्त बैठकीचं इतिवृत्त. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने पुराव्यानिशी दाखवलं की पानंच्या पानं चोरलेली आहेत. तीही १८६४च्या एका फ्रेंच उपहासात्मक पुस्तकातून, जे तिसऱ्या नेपोलियनवर होतं आणि ज्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. चोरी पकडली गेली, खटला झाला, अमेरिकेत ते छापणाऱ्या हेन्री फोर्डने १९२७ मध्ये माफीसुद्धा मागितली. पुस्तक मात्र शंभर वर्षांनंतरही विकलं जातंय. तुमच्या 'अमुक बँका कुणाच्या, तमुक साथ कुणी आणली' छापाच्या फॉरवर्डचा हा मूळपुरुष.

त्याने काय होतं? पोलंडमधल्या किएल्त्से शहरात १९४६ च्या जुलैत एक मुलगा हरवला. खरं तर तो न सांगता दुसऱ्या गावी गेला होता. परतल्यावर म्हणाला, ज्यूंनी तळघरात कोंडलं होतं. ४ जुलैला जमावाने त्या इमारतीत राहणाऱ्या, छळछावण्यांतून जेमतेम वाचून आलेल्या माणसांना ठेचलं. ४२ ज्यू मेले. त्या इमारतीला तळघरच नव्हतं. हिटलर मरून वर्ष उलटलं होतं. त्याची गरज पडली नाही. तुम्ही म्हणाल, पोलंड कुठे आणि आपण कुठे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. अफवा आली होती मोबाइलवर. त्यांचा धर्म वेगळा नव्हता. फक्त ते दारोदार फिरणारे होते आणि कुणाच्या ओळखीचे नव्हते. ज्यू नसले तरी चालतं, अध्यक्षसाहेब. सवय लागली की माणूस कुठलाही चालतो.

आता तुमचा हुकमी एक्का मला माहीत आहे. "अहो, मी तर इस्रायलचा फॅन आहे!" आहातच. सकाळी मोसादच्या पराक्रमाचा व्हिडिओ, संध्याकाळी हिटलरचा सुविचार, दोन्ही एकाच अंगठ्याने. ज्यू कडक असला तर आवडतो, ज्यूंना मारणारा कडक असला तर तोही आवडतो. एकूण तुमचं प्रेम दंडुक्यावर. धरणारा कोण, याने तुम्हाला फरक पडत नाही. त्याच न्यायाने सी विंगमधल्या आपल्या तरुण मित्रालाही हे पत्र दाखवायला हवं. गाझातल्या लेकरांसाठी त्याचा जीव तुटतो, आणि तो तुटलाच पाहिजे. इस्रायलच्या सरकारला त्याने खुशाल जाब विचारावा. पण तो ग्रुपवर लिहितो, "ही जातच तसली." त्या जातीतल्या बाई त्याच्या विंगेचं टँकरचं बिल भरतात. त्यांच्या समाजातल्या लोकांना त्याच इस्रायलमध्ये, तुम्ही पुरेसे ज्यू आहात का, या प्रश्नावर साठच्या दशकात रस्त्यावर उतरावं लागलं होतं, हे ना त्याला माहीत, ना तुम्हाला.

'ही जातच तसली' याचा शेवट कुठे होतो, ते बघा. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा दहशतवादी समुद्रातून मुंबईत आले. ताज, ट्रायडंट, सीएसएमटी, ही ठिकाणं कुणालाही सुचतील. पण कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाउस? ते कुठे आहे, हे कुलाब्यातल्या पानवाल्यालाही धड सांगता आलं नसतं. सीमेपलीकडे बसलेल्यांना मात्र पत्ता पाठ होता, कारण तिथे एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, राहत होता. तो आणि त्याची बायको मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला उचलून घेऊन सँड्रा सॅम्युएल ही त्यांच्याकडची आया बाहेर पळाली. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८च्या ऑक्टोबरात ११ जण मारले गेले. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात एकाने योम किप्पुरच्या दिवशी, आपले बेने इस्रायली ज्याला दरफाळणीचा सण म्हणत आले त्या दिवशी, सिनेगॉगचा दरवाजा गोळ्या घालून फोडायचा प्रयत्न केला. लाकडी दरवाजा टिकला, आतले वाचले. मग त्याने बाहेर दोघांना मारलं. २०२५ मध्ये मँचेस्टरला पुन्हा त्याच सणाला हल्ला. या प्रत्येक ठिकाणच्या हल्लेखोराने काही ना काही वाचलेलं होतं, ऐकलेलं होतं, कुणीतरी पुढे पाठवलेलं होतं. तुम्ही पाठवलं असं नाही. तुमचा ग्रुप फक्त नेरूळपुरता आहे.

खजिनदारबाईंनी तुमच्या फॉरवर्डवर काय केलं, हे विचारायला तुम्ही विसरलात म्हणून सांगतो. ग्रुप सोडला नाही, उत्तर दिलं नाही. खाली टँकरच्या बिलाचा फोटो टाकला आणि लिहिलं, 'कृपया मंजुरी द्यावी.' तुम्ही अंगठा दाखवलात.

तर आता कामाचं. फॉरवर्ड 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची वेळ टळून गेली आहे, पण ते वाक्य खोटं आहे, असं त्याच ग्रुपवर लिहायची वेळ टळलेली नाही.   दुसरं, शोकेसमधल्या पुस्तकाचं प्लास्टिक काढा आणि ते वाचा. इतकं कंटाळवाणं आहे की चाळिसाव्या पानापर्यंत तुमची भक्ती आपोआप उतरेल. तिसरं, बी विंगला दोन जिने चढून जा. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मलिद्याची आठवण काढलीत तरी सुरुवात होईल.

आणि एखाद्या रविवारी पनवेलला जाऊन या. आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. नरिमन हाउसनंतर देवळाच्या दारातही चौकशी होते, राग मानू नका. डोक्यावर घालायला रुमाल न्या. फक्त एक सावधगिरी: कुणी गाव विचारलं तर मोघम उत्तर द्या. रोहा म्हणालात की आळी कुठली, घर कुणाचं, कुणाचे कोण, हे सगळं निघेल आणि तुमच्या आजोबांनी कुणाच्या घाण्यावर तेल उधार नेलं होतं, तेही.

आपला,
एक सभासद, ए विंग
(थकबाकी: निरंक)